ट्रॉली 'दिसली नाही' म्हणजे नेमकं काय झालं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उसाच्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकली ही बातमी गळीत हंगामात येतेच, फक्त गावाचं नाव बदलतं, आणि शेवटी एक ओळ असते की अंधारात चालकाला ट्रॉलीचा अंदाज आला नाही. मला त्या 'अंदाज' शब्दावरच लिहायचंय. मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवतो आणि मागच्या हंगामात माझा पुतण्या केज रोडला असाच ट्रॉलीवर गेला, पायात अजून रॉड आहे. दवाखान्यात जो येईल तो हेच विचारायचा, एवढी घरासारखी ट्रॉली दिसली कशी नाही रे तुला, पिला होतास का? पोरगं पीत नाही, चष्मा पण नाही त्याला.

आपल्याला वाटतं डोळा फोटो काढतो आणि आपण बघतो, तसं नसतं ते. हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच मांडलं की डोळ्याकडून येणारी माहिती अर्धवट असते, उरलेलं मेंदू जुन्या अनुभवावरून अनुमान काढून भरतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मग रात्री अकराला समोर लाल दिवा नाही, चमकणारं काही नाही, तर मेंदू काय धरणार, रस्ता मोकळा आहे हेच धरणार ना.

अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांना हे अनुमान वगैरे पटत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना त्यांनी जमिनीकडं लक्ष दिलं, जवळचा पोत मोठा आणि विरळ, लांबचा बारीक आणि दाट, अंतर त्यातच असतं म्हणाले. वर्गात मी ही दोन मतं एकमेकांसमोर उभी करतो, पण केज रोडला मला दोघंही खरे वाटतात, कारण दिवसा कपाशीच्या ओळी, बाभळी, डांबराची खडी सगळं अंतर सांगत असतं आणि रात्री हेडलाइटच्या पलीकडं ते पुसून जातं, मग नुसतं अनुमानच हातात राहतं.

आता वेळेचं बघा. डेव्हिड ली या मानसशास्त्रज्ञानं 1976 मध्ये मांडलं की ब्रेक कधी दाबायचा हे आपण समोरच्या वस्तूचा आकार डोळ्यात किती वेगानं वाढतोय त्यावरून ठरवतो. दुचाकी 60 च्या स्पीडनं आणि ट्रॉली 15 नं चाललीय असं धरा, म्हणजे अंतर सेकंदाला साडेबारा मीटर कमी होतंय. 100 मीटरवरून 50 वर यायला 4 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ट्रॉली डोळ्याला दुप्पट होते, पुढची दुप्पट 2 सेकंदात, त्याच्या पुढची एकाच सेकंदात. लांब असताना वाढ कळतच नाही आणि कळते तेव्हा हातात वेळ नसतो. त्यात ट्रॉलीच्या मधोमध एकच बारका दिवा असला तर त्याला रुंदीच नाही, वाढणार काय? दोन्ही कडांना रेडियम असलं की त्यांच्यातलं अंतर फाकताना दिसतं, मेंदूला धरायला काहीतरी मिळतं.

आणि जपून चालवा एवढं सांगून भागत नाही. लायबोविट्झ आणि ओवेन्स या संशोधकांनी 1977 मध्येच दाखवलंय की अंधारात गाडी रस्त्यावर ठेवायची नजर बऱ्यापैकी शाबूत राहते, समोरचं ओळखायची नजर मात्र बिघडते. हँडल नीट चालतंय म्हणून माणसाला सगळं नीट दिसतंय असंच वाटतं आणि स्पीड कमी होत नाही. पुतण्यानं मला अगदी हेच सांगितलं होतं, काका, रस्ता मला नीट दिसत होता.

म्हणून कारखान्यांना आणि आरटीओला मागणी आहे की हंगामाच्या पहिल्या दिवशी रेडियम लावून फोटो काढला एवढ्यावर थांबू नका. ऊस आणि वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मागं लोंबतात आणि रेडियम झाकून टाकतात, त्यामुळं भरलेल्या ट्रॉलीवर, उसाच्या बाहेर, दोन्ही कडांना खालीवर रेडियम पाहिजे आणि ते फडातून निघतानाच तपासलं पाहिजे, बैलगाड्यांना सुद्धा. आणि तुमच्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या बातमीत ट्रॉलीच्या मागं रेडियम होतं का नव्हतं तेवढं विचारून छापा.

आपला,
मानसशास्त्राचा एक शिक्षक, अंबाजोगाई