रशियन टीव्ही भंगारात काढू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर बाबांचा छोटा टीव्ही सापडला, शिल्यालिस नावाचा. बाबा नेव्हीत होते, ८५ च्या सुमाराला ट्रेनिंगसाठी लाटव्हियातल्या रिगाला होते तिथून येताना आणलेला. आम्ही सगळे त्याला रशियन टीव्ही म्हणायचो पण बनायचा तो लिथुआनियातल्या काउनासला, तेव्हा ते सगळं सोव्हिएत युनियनमध्येच होतं ना. स्क्रीन जेमतेम १६ सेंटिमीटरची, ब्लॅक अँड व्हाइट, १२ व्होल्टवर चालतो म्हणजे लाइट गेली तरी स्कूटरच्या नाही पण गाडीच्या बॅटरीवर आम्ही मॅच बघितलेली आठवते. घरी आणला तेव्हा दूरदर्शनचं चित्र यायचं आणि आवाज नाही, कारण त्यांच्याकडे चित्र आणि आवाजात ६.५ मेगाहर्ट्झचं अंतर असायचं आणि आपल्याकडे ५.५. मग एका मेकॅनिककाकांनी आत काम करून तो आपल्या आवाजावर आणून दिला.

आता आईची इच्छा होती की माझ्या मुंजीची कॅसेट, जी आम्ही मागेच पेनड्राइव्हवर करून घेतली, ती त्याच टीव्हीवर बघायची. मी टीव्ही घेऊन एका दुकानात गेलो तर उघडूनसुद्धा न बघता सांगितलं, सिग्नलच बंद झालेत, भंगारात घाला. मला हे फार लागलं. दूरदर्शनने जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर बंद केले हे खरं, पण टीव्ही मेलेला नाही, त्याला फक्त सिग्नल मिळत नाहीये आणि तो सिग्नल आपण घरातल्या घरात देऊ शकतो! हेच सांगायला पत्र लिहितोय, कारण असे शेकडो सेट लोकांच्या माळ्यावर असणार, आखातातून आणलेले, बोटीवरच्या लोकांनी आणलेले.

करायचं काय, तर पेनड्राइव्ह लावायच्या आजच्या बऱ्याच मीडिया प्लेअरला फक्त एचडीएमआय असतं, म्हणून आधी एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर घ्यायचा (एव्ही टू एचडीएमआय नाही, दिसायला दोन्ही डबे सारखेच, मी आधी चुकीचाच आणला), त्यातून पिवळी (चित्राची) आणि पांढरी-लाल (आवाजाची) पिन निघते. पण बऱ्याच जुन्या पोर्टेबल टीव्हींना पिवळी पिन लावायला जागाच नसते, फक्त अँटेना, म्हणून पुढे आरएफ मॉड्युलेटर, जो चित्र-आवाज घेऊन एका चॅनेलवर पाठवतो, आणि ती वायर अँटेनाच्या भोकात. कन्व्हर्टरवर पॅल आणि एनटीएससीचं बारीक बटण असतं (चित्र पाठवायच्या दोन पद्धती, आपल्याकडची पॅल, अमेरिका-जपानची एनटीएससी), माझं एनटीएससीवर राहिलेलं तर चित्र नुसतं वरखाली पळत होतं, पॅलवर केलं आणि थांबलं.

खरी गंमत चॅनेलची आहे. चॅनेलचा नंबर तोच असला तरी त्याची फ्रिक्वेन्सी देशादेशांत वेगळी असू शकते, जपानी सेटचे १ ते ३ चॅनेल ९० ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये बसतात, म्हणजे आपल्याकडे जिथे एफएम रेडिओ लागतो तिथे, आणि स्वस्तातला अमेरिकन मॉड्युलेटर पाठवतो ६१ किंवा ६७ मेगाहर्ट्झवर, मग कितीही बटण फिरवा मुंग्याच दिसणार. माणसाला वाटतं टीव्ही गेला. माझ्या रशियन सेटचा ६ नंबर आणि आपल्याकडचा ५ नंबर दोन्ही १७५.२५ मेगाहर्ट्झवर, म्हणून मॉड्युलेटर ५ ला ठेवला आणि टीव्ही ६ ला आणि काय सांगू, आई रडायलाच लागली. आवाज जुळत नसेल तर त्यावर डोकं फोडू नका, पांढरी-लाल पिन सरळ वेगळ्या स्पीकरला द्या.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. जपानी सेट १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या प्लगला डायरेक्ट लावला की संपला, व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. आणि सेट उघडून आतूनच व्हिडिओची वायर जोडून घ्या असा सल्ला बरेच जण देतात, तो मानू नका, कितीतरी जुन्या टीव्हींची चासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, सरळ मेनलाइनला जोडलेली असते, अशा जोडलेल्या वायरच्या पिनेला हात लावला तरी शॉक बसेल आणि पिक्चर ट्यूबवर तर बंद केल्यावरही हजारो व्होल्ट राहू शकतात. अँटेनाच्या वाटेने गेलं तर उघडायची वेळच येत नाही.

विक्रेत्यांना माझी मागणी एवढीच आहे की मॉड्युलेटरच्या खोक्यावर तो कुठल्या फ्रिक्वेन्सीवर पाठवतो आणि आवाज ५.५ आहे का ६.५ हे स्पष्ट छापा, मी दोन वेळा माल परत केला तो यामुळेच. आणि तुमच्या पेपरने जुन्या टीव्ही मेकॅनिक लोकांवर एखादं पान करावं, आमचे काका आता ऐंशीच्या पुढे आहेत पण कुठली कॉइल किती फिरवायची ते अजून तोंडपाठ आहे, आणि ते कुणी लिहून घेतलेलं नाही.

आपला,
एक वाचक, डोंबिवली