तो डाग डोळ्यांतला नाही, बाबा

पणजी,
रविवार रात्र

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, काल फोनवर तुमचा आवाज पडलेला वाटला. ऑपरेशन झाल्यापासून तुळशीच्या मंजिऱ्या लांबून दिसतात, पण मृगाच्या बाणाखाली जे तीन तारे लोंबतात त्यांतला मधला अजून पुसटच दिसतो. म्हणून मोतीबिंदू नीट निघालाच नाही, असं तुम्ही धरून बसलात. मला झोप लागली नाही.

तुमचा डोळा चांगला आहे. ती जागाच पुसट आहे. तिथे हायड्रोजन वायूचा आणि धुळीचा प्रचंड ढग आहे. त्याला तेजोमेघ म्हणतात.

त्याच्या मध्यभागी चार तरुण तारे दाटीने बसलेत. तरुण म्हणजे फार तर दहा-वीस लाख वर्षांचे. आपला सूर्य साडेचारशे कोटींच्या पुढे. त्यांतला सर्वांत प्रखर तारा जवळजवळ ४०,००० अंश तापलेला आहे, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार. पावसात चोर्ला घाटातलं धुकं गाडीच्या दिव्याने उजळतं, आठवतं? तो दिव्याचाच उजेड परत येतो. इथे तसं नाही. ताऱ्याच्या अतिनील किरणांनी अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि तो पुन्हा अणूत परतला की वायू स्वतःच लाल उजळतो. एवढ्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाही, म्हणून आपल्याला नुसतं करडं दिसतं.

आई, तू खवणीवर नारळ खवतेस तेव्हा वाटी आतून कशी पोकळ होत जाते! त्या ताऱ्यांमधून सुटणारा वेगवान वायू आणि त्यांचा प्रखर प्रकाश ढगाला तसाच कोरतोय. आपल्याकडची बाजू उघडी पडली आहे, म्हणून आतलं दिसतं. आजूबाजूच्या कोवळ्या ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या आहेत. हबल दुर्बिणीने त्या १९९०च्या दशकात टिपल्या. आपली पृथ्वी अशाच चकतीतून घडली. पण जवळच्या चकत्या त्या मोठ्या ताऱ्याच्या माऱ्याने झिजताहेत. ज्याच्यामुळे सगळा ढग उजळला, त्यानेच शेजारच्या लेकरांची वाढ खुंटवावी, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

तो उजेड निघून सुमारे १,३५० वर्षं झाली. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ तेव्हा उभंही नव्हतं. आणि तो आता सत्तरी तालुक्यातल्या आपल्या अंगणात, तुमच्या नव्या डोळ्यात उतरतोय.

पुढच्या शनिवारी येते, दुर्बीण घेऊन. माडाला टेकवून धरली की हात हलणार नाही. नऊच्या सुमारास मृग चांगला वर आलेला असेल. आई, तेवढा वेळ पडवीतला बल्ब बंद ठेव आणि बाबांना कानटोपी घाल. थेंब मात्र चुकवू नका, बाबा.

तुमची लेक