जामीन मिळाला, तरी माणूस आतच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारागृहातल्या सुधारणा म्हटलं की शिलाई यंत्रं, योगवर्ग आणि भजनाचे कार्यक्रम छापून येतात. तेही हवंच. पण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कारागृहांत भरणा असतो तो कच्च्या कैद्यांचा, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही अशांचा. त्यांना कामाची सक्ती नाही आणि सुटकेचा नेम नाही, त्यामुळे तीन महिन्यांचा कोर्स बहुधा अर्धाच राहतो. त्यांचं पुनर्वसन कागदपत्रांपासून सुरू होतं, आणि तेही दाखल होण्याच्या दिवशीच.

पहिली अडचण फोन नंबरची. मोबाइल मुद्देमालात जमा, घरचा नंबर पाठ नाही. अशा वेळी गावचे पोलीस पाटील, किराणा दुकानदार, आश्रमशाळा यांपैकी कुणाचं तरी नाव नोंदवून घेतलं तर घरी निरोप पोचतो. धडगाव-अक्कलकुव्याकडचा पावरी किंवा भिली बोलणारा माणूस मराठीतल्या प्रश्नाला नुसता ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’वर विसंबू नये. त्याची बोली जाणणारा विधी स्वयंसेवक (कायद्याच्या मदतीसाठी नेमलेला कार्यकर्ता) किंवा दुसरा कैदी शेजारी बसवावा. कोठडीतल्या माणसाला, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे त्याला त्याच्या बोलीतच कळायला हवं.

खरी गाठ जामिनाशी. हुकूम होतो, जामीनदार मिळत नाही. सातबारा आजोबांच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही. कुणाकडे नुसता वनपट्टा, म्हणजे वनजमिनीच्या हक्काचा कागद. भाऊ ऊसतोडीला गुजरातेत. आधारवरच्या आणि हुकुमातल्या नावात एका अक्षराचा फरक. यातल्या एकेका गोष्टीत आठवडे जातात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं आहे की, ७ दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना सरकारी खर्चाने वकील देणाऱ्या संस्थेच्या) सचिवांना कळवावं. महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. त्याच वर्षीच्या केंद्राच्या सूचनांनुसार गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि दंडापायी अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी रक्कम मंजूर होऊ शकते; २०२३ मध्ये ही मर्यादा अनुक्रमे ४० हजार आणि २५ हजार ठरली होती. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना मात्र ही मदत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तर अधीक्षकांवरच जबाबदारी टाकतं. पहिल्याच गुन्ह्यातल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ आत काढला की त्याच्या जामिनावरच्या सुटकेसाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा. साध्या चोरीला कमाल ३ वर्षं, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याला १ वर्ष. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. शिवाय एकाहून अधिक खटले चालू असले तरी हा मार्ग बंद होतो. मोटारसायकल चोरीत चार पोलीस ठाण्यांचे चार गुन्हे असले की हिशेब तिथेच थांबतो. म्हणून प्रत्येकाच्या पत्रकावर दाखल तारीख, कलमं, इतर खटले आणि मुदत पुरी होण्याची तारीख आधीच मांडून ठेवावी. ही तारीख पाहणारा एक ठरावीक माणूस असावा, नाहीतर बदली झाली की वही कपाटात जाते.

प्रशिक्षण द्यायचं तर दहा-बारा दिवसांत पुरं होणारं द्यावं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकची दुरुस्ती येणाऱ्याला काम मिळतं. फिल्टर धुणं, शेवटची टोकं उघडून १६ मिलिमीटरच्या नळ्या फ्लश करणं, जोडणी बदलणं, दाब तपासणं एवढं आत शिकवता येतं. ॲसिड आणि पाती आत देता येत नाहीत. नळ्या बाहेरून कापून आणाव्यात. नळीला भोक पाडायचा पंच सकाळ-संध्याकाळ मोजून घ्यावा आणि प्रत्येक अवजाराची आकृती फळ्यावर रंगवून ठेवावी. जागा रिकामी दिसली की काय हरवलं ते लगेच कळतं. हे केलं नाही तर एक अवजार हरवतं आणि वर्ग कायमचा बंद पडतो.

शेवटी सुटकेची वेळ. हुकूम संध्याकाळी येतो, कागद तपासेपर्यंत अंधार पडतो आणि सातपुड्यातल्या गावाची शेवटची एसटी निघून गेलेली असते. खिशात पैसे नाहीत, मोबाइल अजून मुद्देमालातच. त्या रात्री त्याला स्टँडवर भेटतात ते त्याचे जुनेच साथीदार. घरच्यांना हुकूम हाती पडताच फोन करावा, आणि तिकिटाचे पैसे व रात्रीचा निवारा एवढी सोय प्राधिकरण व सामाजिक संस्थांनी मिळून तिन्ही जिल्ह्यांत करावी, ही विनंती.

– एक निवृत्त तुरुंगाधिकारी, जळगाव