खान्देशातील कामोणी आणि रिंगणी यांची नव्याने नोंद व्हावी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत रानभाज्यांविषयी नुकताच जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्यात कामोणीचे वर्णन करताना ‘पिकल्यावर काळी होणारी फळे’ असे लिहिले होते आणि शेजारी छापलेल्या छायाचित्रात मात्र नारिंगी-तांबड्या, किंचित लांबट फळांचे झाड होते. शिवाय इंग्रजीतल्या ‘नाइटशेड’ या शब्दाचा आधार घेऊन ही वनस्पती म्हणजे प्राणघातक बेलाडोनाच होय, असा इशाराही त्याच मजकुरात दिला होता. आपल्या पुरवणीतली माहिती लोक कात्रण काढून जपून ठेवतात, म्हणून या दोन्ही गोष्टींचा खुलासा व्हावा असे वाटते. या निमित्ताने एका जुन्या आणि अर्धवट राहिलेल्या कामाकडेही, म्हणजे खान्देशातल्या वांग्याच्या कुळातील रानटी जातींच्या ओळखीकडे आणि नोंदीकडे, वाचकांचे लक्ष वेधायचे आहे.

बेलाडोनाचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात सांगता येते. बेलाडोना ही ॲट्रोपा या निराळ्या प्रजातीतली (म्हणजे जवळच्या जातींच्या निराळ्या गटातली) वनस्पती असून भारतात तिची बहीण पश्चिम हिमालयाच्या थंड हवेत वाढते; तापीच्या खोऱ्यात किंवा सातपुड्याच्या उतारावर ती रानात आढळत नाही. तिचे फूल घंटेसारखे लोंबते आणि फळ पानाच्या बगलेत एकेकटे धरते. कामोणीचे फूल म्हणजे पाच पाकळ्यांची लहानशी पांढरी चांदणी असते, तिच्या मधोमध पिवळ्या परागकोशांचा शंकू असतो आणि फळे घोसात येतात. दोन्ही एकाच कुळातल्या आहेत हे खरे, पण त्या कुळात सुमारे २,७०० जाती आहेत आणि आपला बटाटा, टोमॅटो, मिरची, तंबाखूही त्यातच येतात. कामोणीची हिरवी, कच्ची फळे सोलॅनिनसारख्या द्रव्यांमुळे बाधतात आणि ती मुलांना खाऊ देऊ नयेत, एवढा इशारा पुरेसा होता.

छायाचित्राची चूक मात्र एका माणसाची नव्हे. ती आमच्या विषयाच्या पुस्तकांतूनच खाली झिरपत आली आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५३ मध्ये कामोणीला ‘सोलॅनम नायग्रम’ हे नाव दिले, तेव्हा त्याने या गटातली बरीच वेगवेगळी झाडे त्याच एका नावाखाली उपप्रकार म्हणून मांडली. पुढे १७६८ मध्ये फिलिप मिलर या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने त्यांतील काहींना स्वतंत्र नावे दिली, परंतु आपल्याकडच्या जुन्या वर्णनांत ‘फळे काळी, तांबडी किंवा पिवळी’ असे एकाच जातीचे वर्णन बराच काळ चालत राहिले. त्या एका ‘किंवा’ने तीन जाती झाकून टाकल्या आहेत.

या तीन जाती कोणत्या, ते जरा सविस्तर सांगतो. पहिली सोलॅनम अमेरिकॅनम. हिची फळे पिकल्यावर काळी आणि तेल लावल्यासारखी चकचकीत होतात, घोसातले सगळे देठ जवळजवळ एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे निघतात, फळ धरल्यावर निदले, म्हणजे फळाच्या बुडाशी राहिलेली फुलाची हिरवी दले, मागे वळून देठाकडे दुमडतात आणि परागकोश फार आखूड, साधारण दीड मिलिमीटरच्या आत असतात. दुसरी खरी सोलॅनम नायग्रम. हिची फळेही काळी-जांभळीच, पण मंद, राख फासल्यासारखी. देठ एकाच ठिकाणाहून न निघता दांड्यावर थोड्या थोड्या अंतराने निघतात आणि परागकोश दोन मिलिमीटरच्या आसपास भरतात. तिसरी सोलॅनम व्हिलोझम, म्हणजे आपल्या छायाचित्रातली. हिची फळे नारिंगी, तांबडी किंवा पिवळी आणि उजेडात धरली तर आतल्या बिया दिसाव्यात इतकी पारदर्शक असतात. हा फरक रंगरूपापुरता नाही. पहिलीच्या पेशीत २४, तिसरीच्या पेशीत ४८ आणि नायग्रमच्या पेशीत ७२ गुणसूत्रे असतात, आणि पहिली व तिसरी यांच्या संकरातून ७२ वाली नायग्रम उत्पन्न झाली असावी, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. तिघींना एका नावात कोंबणे म्हणजे आई, बाप आणि लेकरू यांची रेशनकार्डावर एकच व्यक्ती म्हणून नोंद करण्यासारखे आहे.

ही चूक मीही वर्षानुवर्षे केली आहे. मी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांना सहलीला नेत असे. त्या दिवसांत कामोणीला पाने असतात, थोडी फुले असतात, पिकलेली फळे नसतात. आम्ही झाड उपटायचो, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायचो आणि चिठ्ठीवर ‘सोलॅनम नायग्रम’ असे लिहून मोकळे व्हायचो. पुढे एका हिवाळ्यात साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी, कांद्याच्या वाफ्याच्या बांधावर, मला दोन झाडे हातभर अंतरावर उभी दिसली. एकावर काळी चकचकीत फळे होती, दुसऱ्यावर नारिंगी. दोन्हींची पाने जवळजवळ सारखीच होती. निंदणी करणाऱ्या एका मावशींना मी विचारले, तर त्यांनी काळ्या झाडाची दोन फळे तोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘काळी गोड शे, हिरवी खावानी नही.’ नारिंगी फळाचे झाड निराळे आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्यासाठी ती दोन झाडे होती आणि माझ्या वहीत एक. मी तेथेच बसून भिंगाखाली परागकोश मोजले, निदले पाहिली आणि घरी येऊन त्या वर्षापर्यंतच्या माझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढून बसलो. त्यांतल्या निम्म्याहून अधिक नमुन्यांची जात आता कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, कारण वाळलेल्या कागदावर काळे फळ आणि तांबडे फळ दोन्ही तपकिरीच होतात, चकाकी तर आठवड्यातच जाते. आमच्या महाविद्यालयातला नमुन्यांचा मोठा भाग पुढे कसर लागून आणि गळक्या छपराखाली भिजून नष्ट झाला, त्याचे दुःख आजही वाटते. परंतु जे नमुने शाबूत राहिले तेही चिठ्ठीत रंग न लिहिल्यामुळे मुकेच राहिले आहेत.

म्हणून माझा मुख्य आग्रह एवढाच आहे की, या कुळातली झाडे गोळा करताना ताज्या फळाचा आणि फुलाचा तपशील जागेवरच लिहिला जावा. पाकळ्यांचा रंग, फळ पिकल्यावरचा रंग, ते चकचकीत की मंद, निदले फळाला चिकटलेली की मागे वळलेली, परागकोशांची लांबी, तारीख, गाव, शेत की नदीकाठ, आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असल्यामुळे अक्षांश-रेखांश व फळाचा जवळून घेतलेला फोटो. इतके लिहायला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि ते न लिहिल्यास मोठ्यात मोठ्या संग्रहातला नमुनाही शंका मिटवू शकत नाही.

काटेरी जातींचीही हीच गत आहे, फक्त तेथे गोंधळ नावांचा आहे. जमिनीला चिकटून पसरणारी, पिवळ्या लांब काट्यांची आणि जांभळ्या फुलांची भुईरिंगणी खान्देशात कोणत्याही पडीक रानात, एसटी थांब्याच्या मागे किंवा खळ्याच्या कडेला दिसते. जुन्या पुस्तकांत तिला सोलॅनम झँथोकार्पम म्हटलेले आढळते, काहींत सोलॅनम सुरात्तेन्स, आणि आता तिचे मान्य नाव सोलॅनम व्हर्जिनियानम आहे. विद्यार्थी विचारतात, की नावे सारखी का बदलता? उत्तर साधे आहे. व्हर्जिनियानम हे नाव लिनियसचे, १७५३ चे. सुरात्तेन्स बर्मनचे, १७६८ चे. झँथोकार्पम १७९५ चे. ज्याचे नाव आधी, त्याचा हक्क, हा नियम आहे. मला व्यक्तिशः सुरात्तेन्स गेल्याची चुटपुट लागते, कारण ते नाव सुरतेवरून दिलेले होते आणि सुरत आपल्याच तापीच्या मुखाशी आहे, तर व्हर्जिनियाशी या आपल्या आशियाई झाडाचा काहीएक संबंध नाही. पण नियम भावनेने बदलत नाहीत, आणि यादीत तिन्ही नावे तीन वेगळ्या जाती म्हणून मोजली जाऊ नयेत, एवढी दक्षता यादी करणाऱ्याने घेतलीच पाहिजे.

डोरली या काटेरी झुडपाचे उदाहरण याच्या उलट आहे. तिला कोणी चिचुर्डीही म्हणतात. सोलॅनम इंडिकम या नावाने तिची नोंद पिढ्यान्पिढ्या झाली, पण ते नाव अर्थाबाबतच्या गोंधळामुळे रीतसर बाद ठरविण्यात आले असून त्याखालची झाडे आता सोलॅनम अँग्विव्ही आणि सोलॅनम व्हायोलेसियम अशा दोन जातींत विभागली जातात. आपल्या जिल्ह्यांतली डोरली यांपैकी कोणती, हे प्रत्येक नमुना पुन्हा पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाही. बृहती आणि कंटकारी, म्हणजे डोरली आणि भुईरिंगणी, या आयुर्वेदातल्या दशमुळांपैकी लघुपंचमुळात, म्हणजे पाच लहान मुळांच्या गटात, येतात, आणि सातपुड्यातून औषधी मुळ्या गोळा करणाऱ्यांकडून त्या बाजारात जातात. तेव्हा नेमके कोणते मूळ खणले जाते, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

आणि वांगे? जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, बामणोदच्या वांग्याचे नाव हिवाळा आला की घरोघर निघते, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. या वांग्याचा रानटी पूर्वज सोलॅनम इन्सानम हा काटेरी झुडपाच्या रूपात आजही भारतात बांधांवर आणि पडीक जमिनीवर वाढतो, त्याची फळे लहान, गोल, पिकल्यावर पिवळी आणि कडू असतात. त्याचा व लागवडीच्या वांग्याचा संकर सहज होतो आणि त्याला बीही धरते, म्हणून रोगप्रतिकारक वाण तयार करताना संशोधक त्याच्याकडेच वळतात. आपल्याकडच्या कित्येक याद्यांत मात्र त्याला सोलॅनम इन्कॅनम या नावाने नोंदले गेले आहे, जे खरे तर मुख्यतः आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडच्या जातीचे नाव आहे. शेतकरी तणनाशक मारून ज्या रानवांग्याचा बांध साफ करतो, ते त्याच्याच भरिताच्या वांग्याचे मूळ असू शकते, आणि ते कोणत्या गावात शिल्लक आहे याची नीट यादी आपल्याकडे असली पाहिजे.

आता परिस्थिती अनुकूलही आहे. जुन्या जगातल्या, म्हणजे आशिया, आफ्रिका, युरोपकडच्या, कामोणी-गटाची १९ जातींची सविस्तर फेरतपासणी २०१८ मध्ये आणि उष्ण आशियातल्या काटेरी सोलॅनमांची फेरतपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली असून दोन्ही कोणालाही विनामूल्य वाचता येतात. ओळखीच्या किल्ल्या, म्हणजे लक्षणे एकेक तपासत जात ठरवण्याचे तक्ते, तयार आहेत. नमुने आपण जमवायचे आहेत. धुळे, जळगाव आणि नंदुरबार मिळून तापीकाठच्या काळ्या जमिनीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीच्या तोरणमाळपर्यंतचा प्रदेश आपल्याकडे आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी तालुके वाटून घेतले, पावसाळी सहलीबरोबर नोव्हेंबर ते जानेवारीत कामोणीसाठी आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी रिंगणीसाठी एकेक फेरी ठेवली, प्रत्येक नमुन्याची एक प्रत पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे पाठवली, तर दोन हंगामांत बऱ्याच शंका मिटतील. ज्या महाविद्यालयांत सूक्ष्मदर्शक आहे तेथे परागकणांचा व्यासही मोजता येईल. गुणसूत्रे वाढली की परागकण साधारणतः मोठे होतात, आणि फळ नसलेल्या नमुन्यांच्या बाबतीत तो एक आधार ठरतो.

स्थानिक नावेही याच चिठ्ठीवर यावीत. अहिराणीत, लेवा गणबोलीत, पावरी आणि भिल्ली बोलींत एकाच झाडाला काय म्हणतात आणि लाल फळाच्या व काळ्या फळाच्या कामोणीला निराळी नावे आहेत का, हे निंदणी-कापणी करणाऱ्या बायकांना विचारूनच कळेल.

आपणास एक विनंती आहे. त्या पुरवणीतील छायाचित्राखालचे नाव ‘सोलॅनम व्हिलोझम’ असे दुरुस्त करावे आणि बेलाडोनाचा उल्लेख मागे घ्यावा. शक्य झाल्यास दिवाळीनंतर, फळे पिकण्याच्या दिवसांत, तिन्ही कामोणींची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापावीत. माझ्याकडे पांझरेच्या काठची आहेत, ती मी आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
वनस्पतिशास्त्राचा एक सेवानिवृत्त शिक्षक, धुळे