अरविंद गुप्तांची पुस्तके कपाटात नको, बाकावर हवीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान प्रदर्शन जवळ आले की शाळाशाळांत थर्माकोलचे धरण आणि बाजारातली तयार सूर्यमाला यांची खरेदी सुरू होते. त्या पैशात वर्गातल्या प्रत्येक बाकावर अरविंद गुप्तांच्या पुस्तकातला एखादा प्रयोग होऊ शकतो, म्हणून हा पत्रप्रपंच. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला शिकवणारे ते हेच गुप्ता.

गुप्ता १९७५ साली कानपूर आयआयटीतून अभियंता झाले, पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) नोकरीला लागले आणि १९७८मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. पुढे अनेक वर्षे ते पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. अनुदान आले नाही, ही सबब इथे चालत नाही.

या पुस्तकांत मजकूर कमी आणि क्रमाने काढलेली रेखाचित्रे जास्त असतात. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब (चाकाच्या व्हॉल्व्हवर चढवायची बारीक रबरी नळी) यांचे सांगाडेच घ्या. ट्यूबचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे करायचे आणि गूल खरवडलेल्या काड्या दोन्ही बाजूंनी आत खुपसायच्या. तुकडा आखूड झाला तर काडी निसटते, लांब झाला तर सांधा लुळा पडतो. तिसरी काडी जोडायची असेल तर तुकड्याला बरोबर मध्यावर सुईने भोक पाडावे. भोक कडेला गेले की ट्यूब चिरते. मेणाच्या काड्या वाकतात, त्या घेऊच नयेत.

त्रिकोण कितीही दाबला तरी हलत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडून तिरपा होतो. तो ताठ करायला मुले कर्णात काडी बसवू पाहतात आणि ती पुरत नाही! बाजू चार सेंटिमीटरची असेल तर कर्ण साडेपाचच्या पुढे जातो. तिथे खराट्याचा हीर कापून बसवावा. किती लांबीचा, हे मुलेच मोजून सांगतात. पायथागोरस फळ्यावर येण्याआधी बाकावर येतो तो असा. सहा काड्यांचा चतुष्फलक (चार त्रिकोणांचा मनोरा) ताठ उभा राहतो आणि बारा काड्यांचा घन लडखडतो, याचे कारणही मग वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयोग विजेच्या मोटारीचा. टॉर्चचा एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, एक लहान चकती चुंबक, सायकलच्या ट्यूबचे रबर आणि मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची मीटरभर तांब्याची तार एवढ्यावर ती फिरते. पिना रबराने सेलच्या दोन टोकांना बसवायच्या आणि चुंबक सेलवर ठेवायचा. सेलभोवती तारेचे आठ-नऊ वेढे होतात; ते वेटोळे उतरवून घ्यायचे आणि त्याची दोन टोके पिनांच्या भोकांत टेकवायची. पण बहुतेक वर्गांत ती फिरतच नाही. तारेवरचे लाखेसारखे आवरण तांब्याच्याच रंगाचे असल्यामुळे ते खरवडायचे राहून जाते, नाहीतर दोन्ही टोके चहूबाजूंनी लख्ख केली जातात. असे केले की अर्ध्या फेरीनंतर रेटा उलटतो आणि वेटोळे नुसते डुलत राहते. एका टोकाची एक बाजू न खरवडता ठेवली तर तेवढा वेळ प्रवाह तुटतो आणि वेटोळे स्वतःच्या वेगाने पुढे सरकते. वेटोळे एकीकडे जड असले तरीही मोटार अडते. फिरत नसताना ती तशीच जोडून ठेवू नये. तार तापते आणि सेल उतरतो.

शिक्षकांनी घरून तयार करून आणलेली मोटार टेबलावर ठेवली तर यातले काहीच मुलांना कळत नाही. पुस्तक पुढ्यात, सामान पुढ्यात आणि शिक्षक मागे उभे, हीच त्याची रीत. ब्लेड मात्र शिक्षकांच्याच हातात असावे.

मराठी आवृत्त्या काढणाऱ्यांना एक विनंती. जुन्या पुस्तकांतले काही सामान आता मिळत नाही. कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या गेल्या. नव्या धाटणीच्या अनेक सायकलींना व्हॉल्व्ह ट्यूब लागत नाही, त्यामुळे ती जुन्या सायकल दुरुस्तीवाल्याकडेच मागावी. १ जुलै २०२२पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉची पिपाणी थुंकीने भिजून दोन फुंकरांत मुकी होते. आपल्याकडे मुले पपईच्या देठाची पिपाणी करतातच. पुढच्या आवृत्तीत तिचेही चित्र टाकावे.

– एक विज्ञानशिक्षक, सांगली