ऑर्किडची मुळं बघायला शिकवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

स. न. वि. वि.

गच्चीवरच्या बागेतल्या आम्हा सगळ्यांतर्फे हे आभाराचं पत्र. जाहीर अशासाठी, की भेट आलेलं फॅलेनॉप्सिस ऑर्किड फुलं गळली की कचऱ्यात टाकणारी घरं फक्त आपल्याच सोसायटीत नाहीत.

पहिले आभार तुमच्या त्या एका वाक्याचे: ‘पानं बघून पाणी घालू नका, मुळं बघा.’ पान सुरकुतलं की झाड तहानलंय असंच कुणालाही वाटतं. पण कुंडी ओली असताना पान लुळं पडत असेल, तर पाणी ओढणारी मुळंच कुजलेली असतात. वर आणखी पाणी ओतलं की उरलीसुरलीही जातात. आपल्याकडचं रानातलं ऑर्किड, सीतेची वेणी, झाडाच्या फांदीला मुळं बिलगवून असते; ती पावसात भिजतात, वाऱ्यावर सुकतात. फॅलेनॉप्सिसही तसंच झाडावर वाढणारं. दुकानातून येतं मात्र मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) घट्ट गोळ्यात, आणि तो गोळा बिनभोकाच्या शोभेच्या कुंडीत! वरचा मॉस कोरडा लागतो, मधला गच्च ओला असतो. कूज तिथूनच सुरू होते.

मुळं साफ करण्याची तुमची पद्धत आता आम्ही डोळे झाकून पाळतो. मॉस कोमट पाण्यात सैल करायचा, मग एकेक मूळ चिमटीत दाबून बघायचं. रंगावर जायचं नाही. मॉसखाली दबलेलं मूळ पिवळट असलं तरी टणक असेल तर ते जिवंत आहे. बोटांत पिचकलं, साल निसटून आतला दोरा तेवढा हातात आला, तर कापायचं. ब्लेड आधी गॅसवर तापवून गार करायचं, आणि दुसऱ्या झाडाला लावण्यापूर्वी पुन्हा तापवायचं. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकाला. चांगल्या मुळावर पडली तर तेही वाळतं. (दालचिनी हवीच का, यावर आमच्यात अजून एकमत नाही.) फुलांचा दांडा उरला असेल तर तोही छाटायचा. हे शेवटचं सगळ्यांना जिवावर येतं, पण आजारी झाडाने फुलं पोसायची की मुळं?

कुंडी पानांच्या नव्हे, मुळांच्या मापाची घ्यायची. बहुतेक वेळा ४ इंची पुरते. पारदर्शक, बुडाला आणि बाजूंनाही भोकं असलेली. त्यात १ ते २ सेंमीचे बार्कचे (झाडाच्या वाळलेल्या सालीचे) तुकडे ३ भाग आणि लाकडी कोळसा १ भाग, दोन्ही रात्रभर भिजवून. नारळाची सोडणं स्वस्त पडतात खरी, पण पाण्याचा तपकिरी रंग जाईपर्यंत पुन्हा पुन्हा भिजवावी लागतात, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सुकता सुकत नाहीत.

एकही मूळ न उरलेलं झाड वाचू शकतं, यावर आमचा विश्वास नव्हता. मॉस भिजवून घट्ट पिळायचा, पारदर्शक पिशवीत घालायचा आणि झाडाचा बुंधा त्याला जेमतेम टेकवायचा. पिशवी उजेडात ठेवायची, उन्हात अजिबात नाही, नाहीतर आत झाड उकडून निघतं. दोन-तीन दिवसांनी तोंड उघडून हवा द्यायची. या काळात खालचं पान पिवळं पडलं तरी ओढून काढायचं नाही. त्यातलंच अन्न नव्या मुळांच्या कामी येतं. मुळं ४-५ सेंमीची झाली की कुंडीत. याला महिने लागतात, हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत ते बरं झालं.

पुढचं सोपं. मुळं हिरवी दिसताहेत तोवर पाणी नाही. रुपेरी झाली की सकाळी कुंडी १०-१५ मिनिटं पाण्यात बुडवून पूर्ण निथळवायची. पोंग्यात, म्हणजे नवं पान निघतं त्या मधल्या बेचक्यात, पाणी राहिलं तर कागदाने टिपायचं. पोंगा कुजला की वरून नवं पान येत नाही, नशीब असेल तर बुंध्यातून पिल्लू फुटतं. नवं मूळ किंवा पान दिसल्यावरच १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं) खत, लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा. मधून मधून कुंडी साध्या पाण्याने धुवून साठलेले क्षार काढायचे, बोअरचं पाणी असेल तर जास्तच वेळा. पूर्वेची खिडकी उत्तम. पान गर्द हिरवं झालं तर उजेड कमी पडतोय.

रात्रीचं तापमान काही आठवडे १६ ते १८ अंशांपर्यंत उतरलं की दांडा निघतो, म्हणून हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवा म्हणालात. पण ज्या झाडाला चार धड पानं नाहीत, त्याचा दांडा कोवळा असतानाच खुडायचा हा तुमचा नियम आम्ही पाळतो आहोत, कुरकुरत का होईना.

तुमच्या पारदर्शक कुंड्या धुवून, वाळवून तुमच्या दाराशी ठेवल्या आहेत. दोनांना तडा गेलाय, त्यांच्या जागी नव्या आणल्या आहेत.

आपले,
गच्चीवरच्या बागेतले सगळे