धैर्याचीही तालीम करावी लागते

नॅशव्हिल, टेनेसी

ती. बाबा आणि प्रिय आई,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरासाठी जेम्स लॉसन यांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध अहिंसक लढा शिकवणाऱ्या त्या पाळकांच्या, कामाची पद्धत नीट लिहून पाठव, असं तुम्ही म्हणालात. आईने त्याच फोनवर मागून विचारलं होतं, ख्रिस्ती माणसाने अन्याय सोसावा की त्याच्यासमोर उभं राहावं? दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून हे लांबलचक पत्र.

लॉसन आपल्या नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते, हे संघातल्या मुलांना आधी सांगा. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात जायला त्यांनी आपल्या श्रद्धेमुळे नकार दिला आणि वर्षभराहून अधिक तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १९५३ ते १९५६ ते नागपुरात मिशनरी म्हणून राहिले, मुलांना खेळ शिकवले, गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचली. अमेरिकेत परतल्यावर १९५७मध्ये त्यांना त्या बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, देशाच्या दक्षिणेत तुमची गरज आत्ता आहे, थांबू नका. १९५८मध्ये लॉसन नॅशव्हिलला आले आणि इथल्या विद्यापीठात ईश्वरविज्ञान शिकू लागले.

शहराच्या मध्यभागी मोठी दुकानं होती. कृष्णवर्णीय बाई तिथे कापड घेऊ शकायची, वह्या-पेन्सिली घेऊ शकायची, पैसे सगळे घ्यायचे. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर तिला बसता येत नसे. थकलेल्या लेकराला घेऊन टेकायला जागा नाही, ही बायकांची रोजची तक्रार होती, आणि आंदोलनाची जागा तिच्यावरून ठरली. बाबा, हा मुद्दा शिबिरात सुटू देऊ नका. कोणत्या अन्यायापासून सुरुवात करायची हे पुढाऱ्यांनी ठरवायचं नसतं, ज्यांना तो रोज भोगावा लागतो त्यांना विचारायचं असतं.

१९५९च्या शरद ऋतूत क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी वर्ग भरू लागले. शास्त्रवाचन, प्रार्थना, चर्चा, आणि मग तालीम. खुर्च्या ओळीने मांडायच्या. काही जण ग्राहक होऊन बसायचे, बाकीचे त्यांना छळणारे व्हायचे: शिव्या द्यायच्या, सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, खुर्चीवरून ओढून खाली पाडायचं. पडल्यावर अंग कसं मुडपायचं, डोकं हातांनी कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं पाहायचं, हे पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. नंतर भूमिका बदलायच्या.

इतकी तालीम कशाला? कारण गालफडात बसली की हात आपोआप उठतो. बायबलातल्या मत्तय ५ मधलं 'दुसरा गाल पुढे कर' हे वचन पाठ असूनही उठतो. शिवाय एका मुलाने उलट ठोसा मारला, की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'दंगल' छापून येते आणि काउंटरचा प्रश्न मागे पडतो. ज्याला राग आवरणार नाही असं स्वतःला वाटतं, त्याने बसायला जाऊ नये. त्याच्यासाठी फोन, गाड्या, जेवण, जामिनाचे कागद अशी कितीतरी कामं असतात. हे त्याला कमीपणा न आणता सांगता आलं पाहिजे.

तालमीत तीन गोष्टी बिघडतात, त्यांवर लक्ष ठेवा. बसलेल्यांना हसू फुटतं. कुणी वाद घालायला लागतं, आणि वाद घालणाऱ्याचा आवाज चढतोच. तिसरी गोष्ट सगळ्यांत धोक्याची: छळणाऱ्याची भूमिका करणारा तिच्यात रमतो आणि मनातलं खरं विष बाहेर येतं. म्हणून एक खेळ पाच-सात मिनिटांपेक्षा लांबवू नका, थांबवण्याचा एक शब्द आधी ठरवा, आणि खेळाइतकाच वेळ नंतर बोलण्याला द्या. कुणालाही तसंच घरी पाठवू नका. बारा-पंधरा जण, दोन तास, एवढं पुरे. लहान मुलांना यात घेऊ नका.

तालीम चालू असताना दुकानदारांशी बोलणीही झाली. त्यांनी नकार दिला. मग २८ नोव्हेंबर आणि ५ डिसेंबर १९५९ला छोट्या गटांनी दोन दुकानांत चाचणी घेतली. आधी काहीतरी विकत घेतलं, मग काउंटरवर बसले, नकार मिळाल्यावर व्यवस्थापकाशी सभ्यपणे बोलले आणि निघून आले. खरेदी आधी केल्यामुळे दुकानाला 'हे आमचे ग्राहक नाहीत' असं म्हणायची सोय राहिली नाही. मत्तय १८ मधली पायरी हीच आहे ना, बाबा? आधी त्याला एकांतात सांग, मग दोघा-तिघा साक्षीदारांसमोर, मग मंडळीपुढे.

१३ फेब्रुवारी १९६०ला बर्फ पडलेलं असताना १२४ विद्यार्थी तीन दुकानांत जाऊन बसले. अंगावर रविवारी उपासनेला घालायचे कपडे, हातात अभ्यासाची पुस्तकं. नियम पुढे कागदावर छापून वाटले गेले: उलट मारू नका, शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, दार किंवा वाट अडवू नका, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण आठवा, असं लिहिलं होतं.

२७ फेब्रुवारीला गोऱ्या तरुणांच्या टोळक्यांनी त्यांना मारलं. पोलिसांनी अटक केली ती बसलेल्यांना, सुमारे ८० जणांना. एक ओळ गाडीत चढली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसायची, तिच्यामागे तिसरी तयार. कोर्टाने प्रत्येकी ५० डॉलर दंड केला. दंड भरला तर गुन्हा मान्य केल्यासारखं होईल, म्हणून अनेकांनी तुरुंग पत्करला. लॉसन यांना विद्यापीठाने काढून टाकलं, तेव्हा तिथल्या ईश्वरविज्ञानाच्या बहुतेक प्राध्यापकांनी निषेधाचे राजीनामे दिले.

याच दिवसांतली एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. एक गोरा तरुण लॉसन यांच्यावर थुंकला. त्यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्याने दिला. लॉसन यांनी चेहरा पुसला, रुमाल परत केला आणि त्याच्या मोटरसायकलबद्दल विचारपूस सुरू केली. समोरच्याला शत्रूची भूमिका निभावता येऊ नये, अशी वागणूक त्यांनी अंगी बाणवली होती. मला यात नुसता शांत स्वभाव दिसत नाही. वर्षानुवर्षांचा सराव दिसतो.

आई, तुझ्या प्रश्नाकडे येते. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ, ११ ते १४ ओव्या. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परजातीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमहून यहुदी माणसं आली, तसा त्यांच्या भीतीने तो पंगतीतून उठून वेगळा बसू लागला. पेत्राचं तत्त्वज्ञान बरोबर होतं, ताटाजवळ त्याचं धैर्य गेलं. प्रेषित पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर सांगितलं, कारण ज्यांचा अपमान झाला तेही सर्वांसमोर बसले होते. नॅशव्हिलचा प्रश्नही नेमका पंगतीचाच होता.

आता प्रेषितांची कृत्ये १६ पाहा. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून कोंडलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, मारलं चारचौघांत आणि सोडता लपून? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. त्याने सूड मागितला नाही, पण गप्पही बसला नाही. नव्याने झालेल्या त्या छोट्या मंडळीला पुढे कुणी त्रास देऊ नये, म्हणून हे उघडपणे व्हायला हवं होतं, असं मला वाटतं. महाडला १९२७मध्ये चवदार तळ्याचं पाणी पिऊन परतणाऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा बाबासाहेबांनीही आपल्या माणसांना हात उचलू दिला नाही आणि हक्कही सोडला नाही.

पुढचं थोडक्यात. ईस्टरच्या आधी कृष्णवर्णीय कुटुंबांनी मध्यवर्ती दुकानांतली खरेदी बंद केली. नवे कपडे घ्यायचा हाच मोसम, त्यामुळे फटका जोराचा बसला. १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बाँब टाकला गेला. ते वाचले. त्याच दिवशी हजारो माणसं एक शब्द न बोलता नगरपालिकेवर चालत गेली. पायऱ्यांवर डायान नॅश या विद्यार्थिनीने महापौर बेन वेस्ट यांना विचारलं, केवळ रंगावरून भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? भाषण ठोकलं असतं तर त्यांनी भाषणानेच उत्तर दिलं असतं. सरळ प्रश्नाला त्यांना माणूस म्हणून 'हो' म्हणावं लागलं. १० मेला सहा दुकानांची काउंटरं उघडली. तीही गाजावाजा न करता: कोण, कधी येणार हे दुकानदारांना आधी कळवलेलं, गट लहान, पहिले काही दिवस वर्तमानपत्रांना दूर ठेवलेलं. जिंकल्यावर समोरच्याची अब्रू राखायची, हेही ठरवून केलं होतं.

बाबा, नागपुरात याचा उपयोग कुठे, असं मुलं विचारतील. नागालँड, मिझोरामहून शिकायला आलेली मुलं आपल्या शहरांत राहतात, त्यांतली बरीच आपल्यासारखीच उपासनेला जातात. चेहऱ्यावरून त्यांना काय काय ऐकावं लागतं, ते त्यांच्याकडूनच ऐका. जानेवारी २०१४मध्ये दिल्लीत अरुणाचलचा विद्यार्थी निदो तानिया मारहाणीनंतर मरण पावला, त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना सोसाव्या लागणाऱ्या त्रासाचा विचार करायला केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली.

म्हणून तालमीत बसमधला, खानावळीतला, घरमालकाच्या दारातला प्रसंग घ्या. मध्ये पडणाऱ्याने शिवी देणाऱ्याशी हुज्जत न घालता जिला त्रास होतोय तिच्या शेजारी जाऊन बसावं, तिच्याशी बोलावं. दुसऱ्याने वेळ, जागा, गाडीचा नंबर लिहून घ्यावा. चित्रीकरण तिला विचारूनच. मारहाण झाली तर ११२ला फोन. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण पुढे केलं तर 'झिरो एफआयआर' म्हणायचं, आणि प्रत मोफत मागून घ्यायची. नोंदवायला नकार मिळाला तर लेखी तक्रार टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे पाठवता येते. पण तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं.

पाळकसाहेबांना सांगून पहिला वर्ग घ्यायच्या आधी त्या मुलांपैकी दोघा-तिघांना घरी जेवायला बोलवा. आई, तू त्यांच्याच पंगतीला बस, वाढण्याचं काम बाबा करतील.

तुमची,
लेक